एमिली हॅरप: तीन मिनिटांची शर्यत आणि चार दिवसांची

नाशिकहून एका वडिलांचा प्रश्न आला आहे. त्यांची लेक सोळा वर्षांची आहे आणि सह्याद्रीत डोंगरधावणीच्या शर्यती करते. फेब्रुवारी २०२६ मध्ये इटलीत बोर्मिओला झालेली ऑलिंपिकची स्की-माउंटेनिअरिंगची अंतिम फेरी तिने मोबाईलवर पाहिली. तेव्हापासून फ्रान्सच्या एमिली हॅरपचं नाव घरात रोज निघतं. वडील तीन गोष्टी विचारतात. तीन मिनिटांच्या शर्यतीला गिर्यारोहण कसं म्हणायचं? ही एमिली आधी दुसराच खेळ खेळत होती, तर मग उशिरा येऊन इतकी पुढे कशी गेली? आणि बर्फ कधीच न पाहिलेल्या मुलीने यातून काय घ्यावं?

मी मूळची साताऱ्याची. स्कीवर पहिल्यांदा उभी राहिले ती मनालीजवळ सोलंगला, आणि पहिला आठवडा बहुतेक पडण्यातच गेला. गेली सोळा वर्षं फ्रान्समध्ये ग्रनोबल शहराच्या जवळ राहते. इथल्या एका क्लबात बारा ते अठरा वयाच्या मुलांना हाच खेळ शिकवते. हॅरपशी माझी ओळख नाही. तिच्या शर्यतींच्या चित्रफिती मात्र आम्ही मुलांना इतक्या वेळा दाखवल्या आहेत की कुठे थांबवायच्या ते मला पाठ झालं आहे. त्या अनुभवावरून लिहिते.

आधी खेळ समजून घेऊ, कारण त्याशिवाय हॅरपचं वेगळेपण कळणार नाही.

आपल्या मनातलं स्कीइंग म्हणजे लिफ्टने वर जायचं आणि घसरत खाली यायचं. स्की-माउंटेनिअरिंगमध्ये, म्हणजे आमच्या बोलण्यातल्या स्किमोत, लिफ्ट नाही. वर स्वतःच्या पायांनी जायचं, स्की पायात ठेवूनच. त्यासाठी स्कीच्या तळाला एक पट्टी चिकटवतात. तिची लव एका दिशेने झोपलेली असते, त्यामुळे स्की पुढे सरकते पण मागे घसरत नाही. पूर्वी ही पट्टी सीलच्या कातड्याची असायची, म्हणून फ्रेंच लोक अजूनही तिला ‘पो द फोक’, म्हणजे सीलचं कातडं, असंच म्हणतात. आज ती मोहेरची असते, म्हणजे अंगोरा शेळीच्या केसांची, किंवा नायलॉनची, किंवा दोन्ही मिसळून. क्लबात आम्ही नुसतं ‘पो’ म्हणतो. इथे मी ‘स्किन’ लिहीन.

बूट स्कीला जोडणारी पकड म्हणजे बाइंडिंग. बुटाचं टोक तिच्यातल्या दोन बारीक खिळ्यांत अडकतं आणि चढताना टाच मोकळी राहते. उतरताना टाचही जखडायची. ही खिळ्यांची बाइंडिंग ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्टेलने १९८० च्या दशकात बनवली. आजचा वेगवान स्किमो तिच्यावर उभा आहे असं मी म्हणेन, कारण पायावरचं वजन तिनेच उतरवलं. शर्यतीतली एक स्की आज बाइंडिंगसह पाऊण किलोच्या आसपास असते. बायकांसाठी तिची लांबी किमान १५० सेंटिमीटर असावी लागते. इतकी हलकी स्की चढताना वरदान असते. तीच स्की उतारावर, खडबडीत बर्फावर, पायाखाली फडफडते आणि मन घाबरवते. हे लक्षात ठेवा, हॅरपकडे वळल्यावर ते पुन्हा लागेल.

आता तीन मिनिटांची शर्यत, म्हणजे स्प्रिंट. उंची फक्त ७०-८० मीटर मिळवायची असते. सुरुवातीला स्किन लावलेल्या स्कीवर धावत चढ. मग काठ्या रोवून केलेला चौकटीचौकटीचा भाग, तिथे नागमोडी वळणं घ्यायची. प्रत्येक वळणावर एक स्की उचलून जवळजवळ उलट्या दिशेला टेकवायची आणि दुसरी तिच्यामागे फिरवून आणायची. याला किक-टर्न म्हणतात. त्यानंतर स्की काढून पाठीवरच्या पिशवीला अडकवायच्या आणि बर्फात कोरलेल्या पायऱ्या नुसत्या बुटांनी चढायच्या. वर पोचलं की स्की पुन्हा पायात घालून थोडा चढ. माथ्यावर स्किन फाडून काढायच्या, अंगावरच्या सुटाच्या पुढच्या कप्प्यात कोंबायच्या, टाच जखडायची, बूट उतरण्यासाठी घट्ट करायचा आणि खांबांमधून खाली. स्किन कप्प्यातून बाहेर पडली तर दंड.

म्हणजे तीन मिनिटांत तीनदा सामान बदलायचं. क्लबात या बदलाला सगळे ‘मानिप’ म्हणतात, हाताने करायची कामं अशा अर्थाने. आमच्याकडे नवीन आलेलं मूल पहिल्या दिवशी एका मानिपला चाळीस सेकंद घेतं, कधी मिनिटही. जगातल्या वरच्या खेळाडूंचं तेच काम काही सेकंदांत होतं. नाडी जवळजवळ कमाल ठोक्यांवर, बोटं थंडीने जड, डोळ्यांत घाम आणि शेजारी पाच प्रतिस्पर्धी, अशा अवस्थेत ते काम करायचं असतं. थकलेला माणूस सरळ पळू शकतो. बारीक काम करताना त्याचे हात साथ सोडतात. मी पंधरा-सोळा वर्षांची मुलं या कारणाने रडताना पाहिली आहेत. चढावर ती सगळ्यांच्या पुढे होती आणि माथ्यावर बुटाची कडी बसत नव्हती.

बोर्मिओत १८ बायका होत्या. सहा-सहांच्या प्राथमिक फेऱ्या, मग उपांत्य, मग सहाजणींची अंतिम फेरी, सगळं एकाच दिवशी. म्हणजे पदकापर्यंत पोचायचं तर तीच जीवघेणी तीन मिनिटं तीनदा काढायची आणि मधल्या वेळात शरीर पुन्हा ताजं करायचं. तुमची लेक डोंगरधावणी करते, तेव्हा तिला हे लवकर कळेल. एकदाच जीव तोडून पळणारे पुष्कळ असतात. तासाभराने पुन्हा तसंच पळायला फार वेगळा पाया लागतो, आणि तो लांबच्या, संथ चढायांनीच घडतो.

तर यात गिर्यारोहण कुठे आहे?

हा खेळ शर्यत होण्याआधी डोंगरातल्या ये-जा करण्याची रीत होती, आणि मग लष्कराची गरज बनली. १९२४ मध्ये शामोनीला पहिले हिवाळी ऑलिंपिक खेळ झाले. तिथे लष्करी गस्त नावाची शर्यत होती आणि त्यात स्कीवरून चढउतार आणि नेमबाजी दोन्ही होती. नंतर १९२८, १९३६ आणि १९४८ मध्ये ती फक्त प्रदर्शनासाठी झाली आणि मग गेली. स्वित्झर्लंडमधली ‘पत्रुय दे ग्लासिए’, म्हणजे हिमनद्यांची गस्त, ही तर सरळ स्विस लष्कराची आहे. १९४३ साली ती सुरू झाली. झरमॅटहून निघून आरोलामार्गे व्हेर्बिएपर्यंत, तिघांच्या तुकडीने, हिमनद्या ओलांडत जायचं. १९४९ मध्ये एक पूर्ण तुकडी हिमनदीच्या भेगेत पडून तिघंही गेले. त्यानंतर ही शर्यत बंद झाली ती थेट १९८४ पर्यंत. इटलीत मॉन्ते रोझाच्या ४,००० मीटरवरच्या कड्यांवरून होणारी मेझालामा १९३३ पासूनची आहे. तिथे आजही तुकडी एकमेकींना दोरीने बांधून चालते आणि त्याच दोरीने बांधलेल्या अवस्थेत उतरतेही.

फ्रान्समधली या जातीची शर्यत म्हणजे पिएरा मेंटा. बोफोर चीजसाठी प्रसिद्ध असलेल्या बोफोर्तँ डोंगरांत, आरेश नावाच्या छोट्या गावातून, १९८६ पासून दर मार्चमध्ये. दोघांची जोडी, चार दिवस, एकूण सुमारे १०,००० मीटर चढ. बारी गावातून कळसूबाईला रोज अडीच-तीनदा जाऊन यायचं, असं चार दिवस ओळीने, आणि तेही बर्फावरून, अशी कल्पना करा. धारेवरून चालताना पाठीवर स्की, बुटांखाली लोखंडी काटे, बाजूला दरी. हिमलोटात गाडलं गेल्यास शोध लागावा म्हणून अंगावर ट्रान्समीटर आणि पिशवीत फावडं आणि शोधकाठी सक्तीची. गावातले लोक पहाटे वर चढून धारेवर उभे राहतात, गाईच्या गळ्यातल्या घंटा वाजवतात, आणि सगळ्यात शेवटी येणाऱ्या जोडीलाही तेवढ्याच जोराने हाक मारतात. मी स्वतः दोन वर्षं स्वयंसेवक म्हणून तिथे वर उभी राहिले आहे. पहाटेच्या अंधारात खालून हेडलँपची माळ वर येताना दिसते तेव्हा शब्द सुचत नाहीत.

ऑलिंपिकने यातलं काय घेतलं? जुलै २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने टोकियोच्या बैठकीत हा खेळ २०२६ साठी मंजूर केला. त्याआधी जानेवारी २०२० मध्ये लोझानच्या युवा ऑलिंपिकमध्ये तो एकदा होऊन गेला होता. बोर्मिओसाठी निवडले फक्त स्प्रिंट आणि मिश्र रिले. लांब वैयक्तिक शर्यत, नुसती चढाची शर्यत, जोडीची शर्यत यांतलं काहीच नाही. तुमच्या शंकेत म्हणून तथ्य आहे. आल्प्समधल्या अनेक जुन्या लोकांनाही ही निवड खटकली, आणि मीही त्यांच्यातलीच एक. वैयक्तिक शर्यत असायलाच हवी होती. दीड तासाची, डोंगराच्या पलीकडे जाऊन परत येणारी. तिच्याशिवाय खेळाचं अर्धं शरीरच लोकांनी पाहिलं.

नेमकं इथेच हॅरपचं महत्त्व आहे. ती या दोन्ही अर्ध्यांत जिंकलेली बाई आहे. ज्या पायांनी तिने विश्वचषकात तीन मिनिटांच्या शर्यती मारल्या, त्याच पायांनी अक्सेल गाशे-मोलारेबरोबर पिएरा मेंटाही जिंकली. शंभर मीटर पळणारीने मॅरेथॉनही जिंकावी, इतकं टोकाचं हे नाही. तीन मिनिटांच्या प्रयत्नातही मोठा वाटा हवेवर चालणाऱ्या इंजिनाचाच असतो, हे शरीरशास्त्र सांगतं. तरी दोन्हीकडे सर्वोच्च पातळीवर राहणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी असतात. बहुतेकांना एक बाजू निवडावी लागते.

आता तिचा प्रवास. एमिली हॅरपचा जन्म १९९७ चा. आईवडील इंग्लंडचे, फ्रेंच आल्प्समध्ये येऊन राहिलेले. मुलगी इथेच वाढली आणि फ्रान्सकडून खेळते. किशोरवयात ती अल्पाइन स्कीइंग करत होती, म्हणजे लिफ्टने वर जाऊन खांबांमधून वेगाने खाली येण्याच्या शर्यती. आल्प्समधल्या हजारो मुलींचं हेच स्वप्न असतं आणि त्यातल्या अगदी मोजक्यांना राष्ट्रीय संघाचं दार उघडतं. वय अठरा-वीस झालं की बाकीच्यांसमोर मोठा खड्डा येतो. दहा-बारा वर्षं पहाटे उठून केलेली मेहनत, आईवडिलांचा पैसा, शाळेच्या बुडालेल्या तासांची भरपाई, आणि समोर रिकामा हिवाळा. बऱ्याच मुली त्या वर्षी स्की अडगळीत टाकतात, हे मी क्लबात दर वर्षी पाहते. हॅरपने ते केलं नाही. ती स्किन लावून वर जायला लागली.

‘उशिरा आली’ असं तुम्ही लिहिलंत, पण मला ते तसं वाटत नाही. चढण्याची ताकद विशीत सुरू करूनही घडवता येते. फुप्फुसं, हृदय, पायांचे स्नायू सरावाला प्रतिसाद देतात आणि तिशीपर्यंत वाढत राहतात. उतारावरची भीती नसणं मात्र विशीत शिकवणं फार अवघड जातं. डोळ्याने पुढचे तीन खांब वाचायचे, शरीर खालच्या स्कीवर टाकायचं, बर्फ कडक आहे की मऊ ते तळपायाने ओळखायचं. हे आठ ते पंधरा या वयात अंगात मुरतं. मी स्वतः तेविसाव्या वर्षी शिकले, आणि आजही कडक बर्फाच्या उतारावर माझे खांदे आधी मागे जातात. कितीही सराव केला तरी जातात.

आता ती पाऊण किलोची, फडफडणारी स्की आठवा. अल्पाइनच्या जड, स्थिर स्कीवर वाढलेल्या मुलीला ती पायात आल्यावर सुरुवातीला विचित्रच वाटणार, पण उताराची भाषा तिला आधीच येते. माथ्यावर पोचताना बाकीच्या स्पर्धकांची नाडी चढलेली असते आणि त्यातच उताराची धास्ती मिसळते. माझ्या मते हॅरपच्या बाबतीत तो धास्तीचा भाग वजा होतो. तिच्या चित्रफिती पाहताना मी मुलांना नेहमी माथ्यावरच्या क्षणाला थांबवून दाखवते. शेवटची कडी बसायच्या आतच तिची नजर खाली, पहिल्या वळणावर गेलेली असते. सरावलेल्या अल्पाइन खेळाडूची ही सवय आहे.

चढ मात्र तिला कमवावा लागला, आणि तो तिने कमवला. फ्रान्सच्या संघात हे सोपं नव्हतं, कारण तिथे पुढे कोण होत्या ते पाहा.

लाएतिसिया रू ही दक्षिण आल्प्सची, जन्म १९८५ चा. २०१० च्या दशकात बायकांच्या स्किमोत तिचा जवळजवळ एकछत्री अंमल होता. स्प्रिंट, नुसता चढ, वैयक्तिक, जोडी, तिने काय जिंकलं नाही ते शोधावं लागतं. तिच्या काळात हा खेळ ऑलिंपिकच्या आसपासही नव्हता. पैसा थोडा, प्रसिद्धी डोंगराळ जिल्ह्यांपुरती. २०१८ च्या वसंतात तिने अक्सेल मोलारे आणि स्वित्झर्लंडची जेनिफर फिख्टर यांच्याबरोबर झरमॅट ते व्हेर्बिए हे अंतर सव्वासात तासांच्या आसपास पार केलं. पत्रुय दे ग्लासिएत बायकांनी तोवर इतक्या वेगाने ते कधीच केलं नव्हतं. तिथे पोचायला साधारण तयारीच्या तुकडीला अख्खी रात्र आणि दिवसाचा मोठा भाग लागतो. त्या हंगामानंतर रू थांबली. ऑलिंपिक आठ वर्षं लांब होतं. तिच्यासारख्या खेळाडूच्या गळ्यात ते पदक कधी येऊच शकलं नाही, याचं मला अजूनही वाईट वाटतं.

मग अक्सेल, लग्नानंतरची गाशे-मोलारे, १९९२ ची. चढ आणि लांब शर्यतींची राणी, अनेकदा विश्वविजेती. तिचं बळ जिथे आहे त्या शर्यती बोर्मिओच्या कार्यक्रमात नव्हत्याच. चांगलं स्किमो म्हणजे काय, हे दाखवायला मी मुलांना तिचा चढ आणि हॅरपचं बाकी सगळं दाखवते.

हॅरपने अशा संघात पाय रोवला आणि २०२० च्या दशकात एकूण विश्वचषक, म्हणजे हंगामभराच्या सगळ्या प्रकारांच्या गुणांवर मिळणारा मोठा क्रिस्टल ग्लोब, तब्बल चारदा जिंकला. हा ग्लोब नुसत्या स्प्रिंटवर मिळत नाही. शनिवारी स्प्रिंट, रविवारी वैयक्तिक शर्यत, पुढच्या आठवड्यात दुसऱ्या देशात चढाची शर्यत, असा हिवाळाभर चालतो हंगाम. एकदा आजारी पडलात की गुण गेले. एका मोठ्या दिवशी जिंकलेल्या पदकापेक्षा या चार ग्लोबांचं मला जास्त मोल वाटतं. सगळे हे मानणार नाहीत.

रिलेत तिचा जोडीदार तिबो आन्सेल्मे. २०२५ च्या मार्चमध्ये स्वित्झर्लंडमध्ये मॉर्जँला झालेल्या विश्वविजेतेपद स्पर्धेत या दोघांनी मिश्र रिले जिंकली होती, त्यामुळे बोर्मिओला ते दावेदार म्हणूनच गेले.

तिथे १९ फेब्रुवारीला स्प्रिंट झाली. हॅरपकडून सुवर्णाची अपेक्षा होती. सुवर्ण गेलं स्वित्झर्लंडच्या मारियान फातोंकडे, हॅरपला रौप्य, आणि कांस्य स्पेनच्या आना आलोन्सोला. आलोन्सोला काही महिन्यांपूर्वीच सराव करताना गाडीने धडक दिली होती आणि गुडघ्याचा अस्थिबंध फाटलेला होता. त्या अवस्थेत तिने मिळवलेलं कांस्य हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. फातों ही हॅरपची जुनी प्रतिस्पर्धी, स्प्रिंटमधली पक्की. दोघींमधलं अंतर अनेक हंगाम फार थोडं राहिलं आहे. तीन मिनिटांच्या शर्यतीत एखाद्या कडीचा, एखाद्या वळणाचा फरक पदकाचा रंग बदलतो. हॅरप हरली असं मी म्हणणार नाही, त्या दिवशी फातों सरस ठरली.

दोन दिवसांनी, २१ तारखेला, मिश्र रिले. आधी बाई निघते, एक फेरी करून पुरुषाला हात देते, मग पुन्हा बाई, पुन्हा पुरुष. प्रत्येक फेरीत दोन चढ, दोन उतार, पायऱ्या, आणि दर वेळी मानिप. एका फेरीत साधारण दीडशे मीटर चढ होतो. म्हणजे स्प्रिंटची चपळाई हवी, आणि दुसऱ्यांदा निघताना जड पायांनी तीच चपळाई टिकवायचीही ताकद हवी. इथे हॅरप आणि आन्सेल्मेने सुवर्ण घेतलं. स्वित्झर्लंडला रौप्य, स्पेनला कांस्य. त्यामुळे या खेळाचं ऑलिंपिकमधलं पहिलं मिश्र रिले सुवर्ण फ्रान्सच्या नावावर लागलं.

त्या संध्याकाळी क्लबच्या छोट्या खोलीत आम्ही तीसेक जण भिंतीवर चित्र पाडून बघत होतो. आमच्याकडे चौदा वर्षांची एक मुलगी आहे. आदल्याच हिवाळ्यात तिला अल्पाइनच्या संघातून वगळलं होतं आणि ती नाइलाजाने आमच्याकडे आली होती. शर्यत संपल्यावर सगळे ओरडत होते आणि ती गप्प होती. मग कोपऱ्यात जाऊन तिने स्वतःची स्की घेतली आणि स्किन लावायला-काढायला लागली, घड्याळ लावून, एकटी. मी तिला काही बोलले नाही.

माझी स्वतःची एक चूक इथे सांगते, कारण तुमच्या मुलीला ती उपयोगी पडेल. इथे आल्यावर तिसऱ्या वर्षी मी जोडीच्या एका स्थानिक शर्यतीत उतरले. दम चांगला होता, दुसऱ्या खिंडीपर्यंत आम्ही बरोबरीच्या जोड्यांच्या पुढे होतो. खिंडीत वारा सुटला होता. पहिल्या उतारानंतर स्किन मी कप्प्यात न घालता घाईने पिशवीत कोंबली होती. बाहेर काढली तर गोंदावर बर्फाचा थर आणि गोंद गोठलेला. लावली की सुटायची. बोटं काम करेनात. शेवटी पट्ट्याने बांधली आणि तशीच फरफटत वर गेले. वीस मिनिटं गेली. माझ्या जोडीदारणीने ती वीस मिनिटं वाऱ्यात थांबून काढली आणि तिच्या पायाच्या बोटांची संवेदना संध्याकाळपर्यंत परत आली नव्हती. स्किन छातीशी, सुटाच्या आत ठेवायची, म्हणजे अंगाच्या उबेने गोंद मऊ राहतो. हे मला माहीत होतं, पण घाईत हात दुसरीकडे गेला. तेव्हापासून माझ्या मुलांचा सराव मानिपने सुरू होतो आणि मानिपने संपतो, आणि मधला चढ त्यांना गोड लागतो.

आता तुमच्या मुलीबद्दल. ती डोंगर चढते, म्हणजे इंजिन आहे. ते तसंच चालू द्या, फक्त शर्यती कमी आणि लांब, सावकाश चढाया जास्त. पावसाळ्यानंतर काठ्या घेऊन चढायला लावा. स्किमोत हातांचं काम फार असतं आणि नुसत्या पळणाऱ्यांचे दंड इथे लवकर थकतात. एका पायावर तोल धरून उभं राहणं, घोटे आणि मांड्यांची आतली बाजू मजबूत करणं, हे घरीच जमेल.

महागडं सामान आत्ता घेऊ नका. शर्यतीची हलकी स्की आणि कार्बनचा बूट पाहून मोह होईल, पण नवशिक्याच्या पायात ते धोक्याचं आहे. तिला आधी उतरायला शिकवा, साध्या, जड, भाड्याच्या स्कीवर, लिफ्टच्या उतारावर, एक पूर्ण हिवाळा. हॅरपच्या प्रवासातून उचलण्यासारखी एकच गोष्ट निवडायची असेल तर ती हीच आहे. तुमच्या लेकीकडे चढ आधीपासून आहे, उतार नाही, म्हणजे तिला हॅरपच्या उलट क्रमाने जावं लागेल. सोळा हे वय त्यासाठी अगदी लहान नाही, पण उशीरही झालेला नाही. पडायची लाज वाटत नाही तोवरच शिकून घेतलेलं बरं.

भारतात त्यासाठी मनालीची अटलबिहारी वाजपेयी गिर्यारोहण संस्था सोलंगला स्कीचे वर्ग घेते. गुलमर्गला भारतीय स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्था आहे, आणि औलीलाही स्कीइंग शिकता येतं. गुलमर्गच्या खेलो इंडिया हिवाळी खेळांत आता स्की-माउंटेनिअरिंगही असतं, म्हणजे शिकल्यावर उतरायला आपल्याच देशात मैदान आहे. प्राथमिक वर्ग झाल्याशिवाय आणि हिमलोटाची माहिती असलेला माणूस बरोबर असल्याशिवाय तिला एकटीला स्किन लावून मोकळ्या डोंगरात पाठवू नका. लिफ्टच्या बाहेरचा उतार दिसायला मऊ असतो. तो केव्हा सुटेल हे वाचायला वर्षं लागतात.

वर्ग हिवाळ्यात भरतात आणि जागा मोजक्या असतात. दिवाळीच्या आतच अर्ज पाठवा. वैद्यकीय दाखला तिथले लोक मागतात, तो आधी करून ठेवा. आणि तिला सांगा की पहिल्या आठवड्यात पडल्याची संख्या मोजत बसू नकोस. मी मोजली होती, सोळाव्या पडण्याला सोडून दिलं.